कुंभार्ली घाट आणि गाडीतला नवा काटा

कोकणातून घाटमाथ्यावर जायला वाटा पुष्कळ आहेत, पण चिपळूणच्या ट्रकवाल्याला 'घाट' म्हटले की एकच आठवतो, कुंभार्ली. पिंपळी, शिरगाव, पोफळी ही गावे मागे पडली की रस्ता सह्याद्रीच्या अंगावर चढू लागतो. वर पोचल्यावर हेळवाक, कोयनानगर, पाटण, मल्हारपेठ करीत तो कराडला जातो. पावसाळ्यात इथे धुके इतके दाट असते की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसतो. उन्हाळ्यात करवंदांच्या जाळ्या दिसतात आणि वळणावळणावर पाणी पाजायला थांबलेले ट्रक दिसतात. पाणी माणसाला नव्हे, इंजिनाला.

या घाटाची एक गंमत आहे. कोयना नदी वरच्या अंगाला दक्षिणेकडे वाहत येते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. पण धरणात अडलेले तिचे पुष्कळसे पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून उलट पश्चिमेकडे खाली येते, पोफळीला वीज तयार करते आणि मग आमच्या वाशिष्ठीला मिळते. म्हणजे पाणी घाटमाथ्यावरचे आणि ओंजळ आमची. घाट हा असा दोन मुलखांना जोडतो. खालचे चिरे वर जातात आणि वरचा गूळ खाली येतो. आमच्या घरात गेली चाळीस वर्षे भाकरी याच ये-जा करण्यातून आली आहे.

जुने ड्रायव्हर सांगतात की घाट चढताना परीक्षा गाडीची असते आणि उतरताना ड्रायव्हरची. चढणीवर गाडी दमली तर थांबते, फार तर मागे दगड लावावा लागतो. उतारावर मात्र चूक सुधारायला वेळ मिळत नाही.

आमची गाडी टाटा १२१० एसई, १९८४ सालची. टेल्को कंपनीने १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. तो करार १९६९ला संपला आणि बोनेटवरच्या तीन पात्यांच्या चांदणीच्या जागी टाटांचा 'टी' आला. त्याच घराण्यातली ही गाडी. नावातले १२ म्हणजे मालासकट एकूण वजन १२ टन आणि पुढचे १० म्हणजे शंभराच्या आसपासची हॉर्सपॉवर. इंजिनाला मिस्त्री लोक 'सहाशे ब्याण्णव' म्हणतात. सहा सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९२ मिलिमीटर, म्हणून ६९२. इतके साधे नाव आजच्या गाड्यांना मिळत नाही.

या गाडीच्या लोखंडी डॅशबोर्डवर वेगाचा काटा आहे, हवेचा आहे, ऑइलचा आहे, पाण्याच्या तापमानाचा आहे आणि करंटचा ॲम्पिअर मीटर आहे. इंजिन मिनिटाला किती फेरे मारते ते दाखवणारा काटा, म्हणजे टॅकोमीटर, तेवढा नाही. तो कंपनीने दिला नव्हता आणि आमच्या अब्बांना तो कधी लागलाही नाही. त्यांचा टॅकोमीटर कानात होता. इंजिनाचा सूर जरा जड झाला की त्यांचा हात आपोआप गिअरच्या दांड्यावर जायचा. क्लचवर पाय, दांडा मधे, रेसचा एक हलका झटका आणि खालचा गिअर असा पडायचा की शेजारी झोपलेला क्लीनर कूससुद्धा बदलत नसे. आम्ही दोघे भाऊ त्यांच्या शेजारी बसून वाढलो. चिऱ्यांचा धंदा आणि हिशेब आमच्याकडे आला. घाटाचा हात मात्र आमच्याकडे आला नाही, तो थोरल्याच्या मुलाकडे आला. पोरगा बावीस वर्षांचा आहे. त्याने जड वाहनाचा परवाना काढला आहे आणि दादांशिवाय दुसऱ्या कोणाकडून शिकायचे नाही असा त्याचा हट्ट आहे.

अडचण अशी की शिकवणाऱ्याचे कान गेले.

ते एकदम गेले नाहीत. घरातल्या बायकांच्या ते आधी लक्षात आले. अब्बांना अजान ऐकू यायची, आमचे बोलणे ऐकू यायचे, पण नातीचे ऐकू येईना. ती काही म्हणाली की ते हसून मान हलवायचे आणि उत्तर भलतेच द्यायचे. चिपळूणला कानाच्या डॉक्टरांनी तपासणी केली आणि कागदावरची रेघ दाखवली. खालच्या सुरांना ती ठीक चालली होती आणि सेकंदाला ४००० कंपनांच्या आसपास एकदम दरीत कोसळल्यासारखी खाली गेली होती. डॉक्टर म्हणाले की मोठ्या आवाजात वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांचा कान नेमका इथेच पहिल्यांदा खचतो. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास ऐकणे ही धोक्याची हद्द मानतात. अब्बांनी तर गरम बोनेटच्या शेजारी, खिडकी उघडी ठेवून, कधी दहा तर कधी बारा तास काढले. कानाच्या आत सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात, त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत. बायका-मुलांचे बारीक आवाज आणि 'स', 'श', 'फ' असली अक्षरे आधी हरवतात, आणि म्हणून माणूस म्हणतो, "ऐकू येतं, पण कळत नाही."

इंजिनाचेही तसेच होते. सहा सिलिंडरचे इंजिन २००० फेऱ्यांवर चालत असेल तर सेकंदाला शंभर स्फोट होतात. ती धडधड खालच्या सुराची, ती अब्बांना अजून ऐकू येते. पण इंजिनाच्या वरच्या अंगाचा जो बारीक नाद असतो, टॅपेटची टकटक, हवेची शीळ, ताण वाढला की उठणारी किरकिर, तो गेला. आणि त्यांचे सगळे ज्ञान त्या बारीक नादात होते.

गेल्या हिवाळ्यात भरलेली गाडी घाट उतरत होती. पोरगा चालवत होता, अब्बा शेजारी होते. एका लांब उतारावर इंजिन ओरडू लागले. पूर्वी असे झाले असते तर अब्बांचा हात पोराच्या खांद्यावर पडला असता. त्या दिवशी ते शांतपणे समोर बघत राहिले. पोराने ब्रेक दाबून गाडी आवरली, सगळे सुखरूप खाली आले. पण पोफळीला चहा पिताना अब्बांनी त्याचा चेहरा पाहिला, काय झाले ते विचारून घेतले आणि त्यानंतर दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "परवाना परत काढायचा नाही. मी आता चालवणार नाही. पण शिकवू कसा?"

इथे थोडे खुलासेवार लिहिले पाहिजे, कारण पुष्कळांना वाटते की डिझेल इंजिनाला गव्हर्नर असतो, तो फेरे मर्यादेबाहेर जाऊ देत नाही, मग भीती कसली? गव्हर्नर डिझेल तोडतो हे खरे. सपाटीवर किंवा चढावर तेवढे पुरते. पण उतारावर इंजिन चाकांना फिरवत नसते, बारा टनांचे ओझे चाकांना फिरवते आणि चाके इंजिनाला फिरवतात. डिझेल पूर्ण बंद असले तरी फेरे वाढतच जातात. आमच्या इंजिनाची पूर्ण ताकद २८०० फेऱ्यांच्या आसपास मिळते. त्याच्या फार पुढे ते ओढले गेले तर व्हॉल्व्ह आणि कनेक्टिंग रॉड यांचा भरवसा नाही. आणि इंजिनाने साथ सोडली की सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापतात, लायनरचा वास सुटतो, पायाखालचा ब्रेक हळूहळू मेल्यासारखा होतो. म्हणून घाटाचा जुना नियम आहे की ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा. आणि त्या गिअरमध्ये इंजिनाचा सूर कुठवर जाऊ द्यायचा, हे कानाने ओळखा. ते कानाने जमत नसेल तर डोळ्याने ओळखायची सोय केली पाहिजे. उंट आधी बांधावा आणि मग तवक्कुल करावे, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. आमचा उंट १२१० होता, एवढाच फरक.

गाडीत टॅकोमीटर बसवायचे ठरले. कोल्हापूरला चिरे टाकायचेच होते आणि येताना गूळ भरायचा होता. उद्यमनगरात जुन्या गाड्यांचे काम जाणणारे वायरमन अजून आहेत, म्हणून ते काम तिथेच करायचे ठरले.

फजरची नमाज पढून, सफरची दुआ करून आम्ही चौघे निघालो. घाट चढताना अब्बा अधूनमधून गिअरच्या दांड्यावर तळहात ठेवत होते. त्या वेळी आम्हाला त्याचा अर्थ कळला नाही, तो कोल्हापूरला कळला. वर हेळवाकला पोचलो तेव्हा ऊन आले होते. कोयनानगरला थांबलो की अब्बा ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपाची आठवण काढल्याशिवाय राहत नाहीत. पहाटेची वेळ होती, आमच्या खालच्या गावातही भांडी पडली होती आणि माणसे अंगणात येऊन कलमा पढत होती, असे ते सांगतात. पाटणनंतर खोरे रुंद होते, ऊस दिसू लागतो, आणि कोकणी माणसाला आकाश जरा जास्तच मोठे वाटायला लागते.

कराडला जुहरची वेळ झाली. गावातल्या जुन्या पेठेत आदिलशाही काळातली मशीद आहे. तिचे दोन उंच मनोरे लांबून दिसतात. नदीच्या काठाने येणाऱ्या मुसाफिराला ते वाटाड्यासारखे आहेत. आम्ही कोकणी लोक शाफई, त्यामुळे सफरीत जुहर आणि असर कसर करून एकत्र पढायची आम्हाला सवलत आहे. तिथले बांधव हनफी. नमाजीनंतर एका वयस्क गृहस्थांनी आम्ही कुठले ते विचारले आणि पोराला जवळ बसवून दोन्ही मसलकांतला फरक इतक्या गोडीने समजावला की अब्बांना एक शब्द नीट ऐकू न येताही ते पूर्ण वेळ हसत बसले होते. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. घाटाच्या डोक्यावर जिची वाट सोडली ती कोयना इथे पुन्हा भेटते.

कोल्हापूरला पोचेपर्यंत मगरिब झाली. मुक्काम बहिणीच्या घरी होता. सकाळी चिरे उतरवून उद्यमनगरकडे जाताना दसरा चौकातून गेलो. तिथे मुस्लिम बोर्डिंगची इमारत आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी ही सोय उभी केली. खेड्यापाड्यांतली मुले कोल्हापुरात येऊन शिकली, त्यांची घरे सुधारली. बहिणीचे सासरे सांगतात की शिकायला डोके सगळ्यांकडे असते, राहायला जागा नसते, आणि महाराजांनी ती जागा दिली. आमच्या पोराला आम्ही ती इमारत दाखवली. शिकण्याच्या कामासाठीच आपण निघालो आहोत, हेही त्याला सांगितले.

शिवाजी उद्यमनगर म्हणजे लोखंडाची पेठ. ओतकाम, लेथ, पंप, इंजिनाचे सुटे भाग, स्प्रिंगा, गॅस्केट, काय हवे ते बोळाबोळांत मिळते. कोल्हापूरच्या कारागिराची एक ख्याती आहे की वस्तू मिळाली नाही तर तो 'नाही' म्हणत नाही, 'करूया की' म्हणतो. आमचा वायरमन साठीचा होता. टेबलावर जुन्या मीटरांचा ढीग, कानामागे टेस्टर आणि भिंतीला टांगलेल्या वायरींच्या जुड्या.

पोराने विचारले, "काका, बाजारात रेसिंग गाडीचे चकाचक मीटर मिळतात, ते चालतील का?"

वायरमनने ढिगातला एक उचलून दाखवला. "ह्ये लोक घेऊन येत्यात आणि हितंच टाकून जात्यात. ह्यो मीटर पेट्रोल गाडीचा. कॉइलची ठिणगी मोजतोय. डिझेलला ठिणगीच न्हाई, मग मोजणार काय, हवा?"

मग त्याने बोटे मोडून तीन वाटा सांगितल्या. पहिली, फ्लायव्हीलच्या दात्यांसमोर चुंबकाचा सेन्सर बसवायचा आणि दाते मोजायचे. ही सगळ्यांत अचूक, पण बेल हाउसिंगला भोक पाडावे लागते. दुसरी, पंपाच्या बाजूने केबल काढून यांत्रिक मीटर चालवायचा. ती सोय जुन्या काही गाड्यांत असते, आमच्या गाडीत नव्हती. तिसरी वाट अल्टरनेटरची. अल्टरनेटरच्या आत आधी उलटसुलट वाहणारा करंट तयार होतो आणि मग डायोडमधून जाऊन तो एका दिशेचा होतो. डायोडच्या आधीच त्याला एक वायर जोडली की त्या वायरीवर करंटच्या लाटा मिळतात. इंजिन जोरात फिरले की लाटा वाढतात, मीटर त्या मोजतो. पुष्कळ अल्टरनेटरवर यासाठी 'डब्ल्यू' नावाचे टर्मिनल तयार असते.

आमच्या गाडीला मुळात डायनामो होता. २२ जुलै २०२१च्या महापुरात चिपळूण बुडाले तेव्हा गाडी दीड दिवस पाण्यात होती. इंजिन उघडून, धुऊन, ऑइल तीनदा बदलून ते परत उभे केले, पण डायनामो आणि बरीचशी वायरिंग गेली. त्या वेळी अल्टरनेटर बसवला होता, मात्र त्याला 'डब्ल्यू' नव्हते. वायरमनने तो खाली काढला, मागचे झाकण उघडले, तांब्याच्या तीन तारांपैकी एकीला डायोडच्या अलीकडे नवी वायर सोल्डर केली, वर उष्णता सोसणारी नळी चढवली आणि झाकणातून रबरी वायसर घालून बाहेर घेतली. काम तासाभराचे होते, पण त्याने सोल्डरचा सांधा तीनदा ओढून पाहिला. "इंजिन हादरतं," तो म्हणाला, "सांधा ढिला ऱ्हायला तर काटा नाचणार, आणि नाचरा काटा न्हाई त्या काट्यापेक्षा वाईट."

खरा प्रश्न मीटर बसवायचा कुठे हा होता. बारा व्होल्टवर चालणारे दोन मीटर त्याच्याकडे होते. ५२ मिलिमीटरचा छोटा मीटर ॲम्पिअर मीटरच्या जागी बरोबर बसत होता. महापुरापासून तो ॲम्पिअर मीटर मेलेलाच होता, त्यामुळे काही कापायचे नव्हते. पण त्यावरचे आकडे बारीक, आणि अब्बांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले. दुसरा ८० मिलिमीटरचा. तो लांबूनही दिसत होता, पण डॅशबोर्डला नवे भोक मागत होता.

अब्बांनी भोकाला ठाम नकार दिला. डॅशबोर्डवर त्यांनी स्वतः १९८४ साली बारीक ब्रशने ७८६ लिहिले आहे, शेजारी अम्मींनी लावलेली छोटीशी चांद-ताऱ्याची पट्टी आहे. अम्मी आता नाहीत. आम्ही काही बोललो नाही. पोरगाही गप्प राहिला.

वायरमनने थोडा वेळ डॅशबोर्डकडे पाहिले आणि शेजारच्या लेथवाल्याला हाक मारली. अर्ध्या तासात पत्र्याची एक वाटी तयार झाली, तिच्या तळाला वाकवलेली पट्टी. विंडस्क्रीनच्या खाली डॅशबोर्डला आधीपासून असलेले दोन स्क्रू सैल करून ती पट्टी त्यांच्याखाली घेतली आणि पुन्हा आवळले. एकही नवे भोक पडले नाही. मग त्याने आम्हाला बाजूला केले, पोराला स्टेअरिंगवर आणि अब्बांना डावीकडच्या सीटवर बसवले, आणि वाटी हळूहळू फिरवत विचारत राहिला, "तुमाला दिसतंय? आणि चाचा, तुमाला?" दोघांनी हो म्हटले तिथेच त्याने नट आवळला. मीटर ड्रायव्हरच्या अगदी समोर नाही, दोघांच्या मधे आहे. कोणत्याही कारखान्याने मीटर असा बसवला नसता, कारण कारखान्याला ठाऊक असते की गाडी एकच माणूस चालवतो.

आणखी एक बारकावा त्याने केला. मीटर वाटीत सरळ न बसवता थोडा फिरवून बसवला, अशा रीतीने की २४००वर काटा बरोबर उभा राहतो. आकडे वाचायची गरज नाही. काटा डावीकडे झुकलेला असेल तर ठीक, ताठ उभा राहिला की सावध, उजवीकडे कलला की धोका. वर २८००च्या पुढे त्याने लाल टेपची चकती कापून लावली.

वायर इंजिनाकडून आत घेताना पत्र्याच्या धारेला घासू नये म्हणून पुन्हा रबरी वायसर. मीटरला करंट स्विचच्या पलीकडून, मधे छोटा फ्यूज. रात्रीचा दिवा पार्किंग लाइटच्या वायरीवर. शेवटची अर्थिंगची वायर. स्विच दिला, इंजिन सुरू केले, तर काटा थरथरू लागला. वायरमनने मीटरला हात लावला नाही, थेट अर्थिंगचा बोल्ट काढला. पुराच्या पाण्याने तिथे गंज धरला होता. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, बोल्ट परत लावला आणि काटा शांत झाला.

पण शांत काटा खरे बोलतोच असे नाही. अल्टरनेटरची पुली क्रँकच्या पुलीपेक्षा लहान असते, त्यामुळे तो इंजिनापेक्षा किती तरी जोरात फिरतो. किती जोरात, ते प्रत्येक गाडीत वेगळे असते. म्हणून मीटर त्या गाडीशी जुळवून घ्यावा लागतो. वायरमनने क्रँक पुलीला चमकणाऱ्या टेपचा एक तुकडा चिकटवला आणि हातातल्या लेसर टॅकोमीटरचा ठिपका त्यावर धरला. टेप दर फेऱ्याला एकदा चमकते, हातातले यंत्र ते मोजते. यंत्र १५०० दाखवत होते तेव्हा आमचा काटा १७००वर होता. मीटरच्या पाठीमागे बारीक स्क्रू होता, तो केसभर फिरवत फिरवत त्याने दोन्ही एक केले. मग मंद चालीवर आणि २०००वर पुन्हा तपासले.

इथे अब्बा पहिल्यांदा कामात शिरले. त्यांनी पोराला इंजिन चालू ठेवायला सांगितले, गिअरच्या दांड्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. "रेस दे. अजून. अजून. बस. ही पोफळीच्या पुढच्या चढाची चाल." काट्यावर १८०० होते. "आता सोड. सोड. इथे गिअर पाडायचा, याच्या खाली गाडी दमते." १३००. "आता वर घे. हळू. इथपर्यंत उतारावर जाऊ द्यायची. याच्या पुढे नाही." काटा २४००च्या किंचित अलीकडे, जवळजवळ उभा.

कान गेले होते, पण हातात धडधड पोचत होती. चाळीस वर्षांचा घाट त्या तळहातात होता, फक्त त्याला आकडे नव्हते. पोराने हिशेबाच्या वहीचे मागचे पान काढले आणि लिहून घेऊ लागला. एका बाजूला जागेचे नाव, दुसऱ्या बाजूला गिअर, तिसऱ्या बाजूला आकडा. वायरमनने आपले दुसरे काम बाजूला ठेवले आणि अर्धा तास शेजारी उभा राहून ऐकले. मजुरी घेताना त्याने बाजारभावापेक्षा कमी सांगितली. अब्बांनी पूर्ण दिली. हक्काचे पैसे कमी देऊन दुआ मिळत नाही, असे त्यांचे मत आहे.

दुसऱ्या दिवशी साडेसहा टन गुळाच्या ढेपा भरल्या, ताडपत्री बांधली आणि निघालो. घाटमाथ्यावर गाडी थांबवून पोराने ब्रेक पाहिले, हवेचा काटा पाहिला, अल्टरनेटरचा बेल्ट अंगठ्याने दाबून पाहिला. हे शेवटचे वायरमनने बजावून सांगितले होते. बेल्ट सैल असेल तर तो घसरतो, अल्टरनेटर मागे पडतो आणि काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. म्हणजे धोका असतानाच तो 'ठीक आहे' म्हणेल. ज्याच्यावर भरवसा ठेवायचा त्याची खात्री आधी करून घ्यावी लागते, मग तो काटा असो की माणूस.

खालचा गिअर वरच टाकला. उतारात मधेच गिअर पाडायला जायचे नाही, दांडा मधे अडकला तर गाडी मोकळी सुटते. पहिल्या वळणांना काटा २०००च्या आसपास राहिला. लांब उतारावर तो चढू लागला. २२००, २३००. इंजिनाचा आवाज आम्हा दोघा भावांनाही कळत होता, पण आम्ही बोललो नाही. काटा उभा राहायला आला तसे अब्बांनी एक बोट वर केले. पोराने ब्रेक एकदाच, नेटाने दाबला, काटा १८००वर आणला आणि पाय पूर्ण काढून घेतला. ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरायचा नाही. दाबायचा, आणायचा, सोडायचा, म्हणजे ड्रमला श्वास घ्यायला वेळ मिळतो. पुढच्या उतारावर अब्बांचे बोट उठायच्या आधीच त्याने ब्रेक दाबला. अब्बांनी हात मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघू लागले. पोफळीपर्यंत त्यांनी परत मीटरकडे पाहिले नाही.

जुन्या गाडीत असा काटा बसवायचा असेल तर आमचा अनुभव एवढाच की आधी गाडी डिझेल की पेट्रोल आणि वायरिंग बारा व्होल्टची की चोवीसची, ते पाहून मीटर घ्यावा. तो त्या गाडीशी जुळवून घेतल्याशिवाय मानू नये. अर्थिंग घासून घ्यावे. बेल्टकडे लक्ष ठेवावे. आणि घरात कोणी म्हातारा उस्ताद असेल, मग तो गाडीचा असो, होडीचा असो की मागाचा, त्याच्या हातात जे आहे ते लिहून घ्यावे. आपण त्यांची औषधे वेळेवर देतो, नमाजीसाठी खुर्ची आणून देतो. तीही खिदमतच आहे. पण त्यांना जे येते ते त्यांच्याकडून मागून घेणे, ही खिदमत आपल्या हातून पुष्कळदा राहून जाते.

पोराची वही आता चार पानांची झाली आहे. तिच्यात कुंभार्लीची वळणे आहेतच, आता अब्बांनी आंबा घाटही सांगायला घेतला आहे. या सगळ्यात आम्ही आणखी एक काम उरकले. फुटका सायलेन्सर बदलला, बोनेटच्या आतून जाड नमदा लावला आणि पोराच्या कानांची तपासणी करून तो कागद फाइलला लावून ठेवला. त्याच्या कागदावरची रेघ अजून सरळ आहे, अल्हम्दुलिल्लाह. दर वर्षी ती तपासायची, असे घरात ठरले आहे.